नकोला मारलेली हाक

जिना उतरताना खालच्या मजल्यावरच्या शेजारणीने दार अर्धं उघडलं आणि म्हणाली, "निघालात? म्हणजे आता हळूहळू कायमचंच म्हणायचं." त्याच्या हातातली तंबूची पिशवी कठड्यावर आपटली. बाई काही वाकडं बोलली नव्हती. कुंड्यांना पाणी घालायचं तिने आपणहून कबूल केलं होतं, बोलता बोलता डोळे पुसले होते, वर कुत्र्यासाठी उकडलेल्या बटाट्यांचा डबा हातात दिला होता. पण ते 'कायमचंच' त्याच्या छातीत जाऊन असं बसलं की शहराची शेवटची गोदामं मागे पडली, दोन्ही बाजूंना उघडी जमीन लागली, तरी उठायचं नाव घेईना. एखादा पाहुणा चहा संपला तरी चपला शोधत नाही, तसा तो शब्द बसून राहिला. शेजारच्या सीटवर बायको आपल्याशीच गुणगुणत होती. तिच्या मांडीवर कुत्रा, पुढचे पाय खिडकीच्या कडेवर, कान वाऱ्याने उलटे झालेले. ती खुशीत होती हे दिसतच होतं. नातीकडे चालली होती, खुशीत नसेल तर काय. त्याने गाडीचा वेग जरा कमी केला, आणि का कमी केला असं तिने विचारलं नाही.

ठरलं होतं ते असं. मुलगा देशाच्या दुसऱ्या टोकाला राहतो. त्याने एका रविवारी फोनवर विषय काढला, "आई, बाबा, आता पुरे झालं एकटं राहणं. इकडेच या दोघं. एक खोली नुसती पडून आहे." फोन टेबलावर मधोमध उभा केलेला होता. पडद्यावर नात काचेला नाक लावून बघत होती. तिला सगळे चिमणी म्हणायचे. त्याने बायकोकडे पाहिलं. बायको पडद्याकडे बघून हसत होती, आणि हसता हसताच म्हणाली, "बघू या." तिने बघू या म्हटलं म्हणून तोही म्हणाला, "हो, बघू या ना." एवढंच. त्यानंतर कुणी काही ठरवलं नाही आणि सगळं ठरत गेलं. मुलाने खोलीला पिवळा रंग दिला. सुनेने कपाट घेतलं. कुणीतरी फ्लॅटसाठी दलाल पाठवला, दलालाने गिऱ्हाईक आणलं, गिऱ्हाइकाला स्वयंपाकघरातलं सकाळचं ऊन आवडलं. आधी येऊन थोडं राहून तर बघा, असं मुलगाच म्हणाला. कुत्र्याला विमानात सामानाबरोबर कोंडायला बायको तयार होईना. म्हणून गाडी, म्हणून तिच्या ओळखीच्या जीवरक्षकाकडून मागून आणलेला तंबू, म्हणून वाटेत जिथे दिवस मावळेल तिथे मुक्काम. दलालाला शुक्रवारी सकाळी हो की नाही ते कळवायचं होतं. म्हणजे हो कळवायचं होतं; नाहीचा विषय कुणी काढलाच नव्हता.

नाही म्हणायला त्या घरात शब्दच उरला नव्हता, आणि त्याला कारण हा कुत्रा. बायको सार्वजनिक तलावावर पोहायला शिकवते. एका थंडीत, बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत, गरम पाण्याच्या नळाखाली तिला हे पिल्लू सापडलं. ओल्या टॉवेलात गुंडाळून तिने ते घरी आणलं. तो दारातच आडवा उभा राहिला. त्या काळी नन्नाचा पाढा म्हणण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. जावई गुणी आहे, पण नकारघंटा गळ्यात बांधूनच जन्माला आलाय, असं सासूबाई चारचौघांत म्हणायच्या. "नको," तो म्हणाला. "अगं, नको. नको म्हणजे नको." पिल्लाने टॉवेलातून डोकं बाहेर काढलं. पुढे कित्येक दिवस तो त्या जिवाशी तेवढंच बोलत होता. बूट तोंडात धरला, नको. पडद्याला लोंबकळलं, नको. अंथरुणात शिरलं, नको नको नको. बायकोने त्याचं मखमल असं नाव ठेवलं होतं. "मखमल, ये," म्हटलं की ते भिंतीकडे बघायचं. आणि याने वर्तमानपत्रातून मान वर न करता "नको" म्हटलं की असेल तिथून धावत यायचं, अख्खं अंग हलवत, जणू या घरात आपलं नाव घेणारा हाच एक माणूस. पहिल्यांदा जनावरांच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "नाव काय?" तो म्हणाला, "नको." "अहो, सांगा की. नाव विचारायचे मी पैसे घेत नाही." "नको हेच नाव." बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून त्याच्याकडे नीट पाहिलं. त्यांचा जवळचा नंबर वाढलाय हे त्याच्या ताबडतोब लक्षात आलं, पण ती वेळ सांगायची नव्हती.

मग घरात मजा सुरू झाली. "आणखी चहा?" "नको." की आलाच कुत्रा, पायांत, मांडीवर, कपात. "खिडकी लावू?" "नको." पुन्हा वरात. दोघं आधी हसायची, मग वैतागली, मग नकळत तो शब्द टाळायला लागली. राहू दे. असू दे. बास. कशाला उगाच. बघू या. पुढे पुढे नुसता हात हलायचा, आणि हात हलवायचाही कंटाळा आला तेव्हा माणसं मान डोलवून मोकळी व्हायला लागली. घरात हो ला हो सुरू झालं. येणारे-जाणारे म्हणायचे, "किती गोडीने राहता हो, आवाज म्हणून चढत नाही कुणाचा." खरंच चढत नव्हता. पण भांडायचं तरी आधी कुणीतरी नको म्हणायला हवं. त्याच्या स्वतःच्या हे फार दिवस लक्षातही आलं नाही, कारण घर शांत होतं आणि शांत घरात माणूस खोदून बघत नाही.

खरं तर खोदून बघणं हाच त्याचा धंदा. चष्म्याच्या दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत तो माणसांचे डोळे तपासतो. हनुवटी टेकवा, समोर बघा, ही काच, आता ती काच. "आत्ता स्पष्ट, की आधी?" सगळं काम या एका प्रश्नावर चालतं. आणि माणसं खोटं बोलतात. डॉक्टरशी बोलत नाहीत इतकं चष्मेवाल्याशी बोलतात. आपण मठ्ठ ठरू, याचा वेळ जाईल, बाहेर माणसं खोळंबलीत, म्हणून सरळ म्हणतात, "हो, दिसतंय." नसतं दिसत. त्याला ते कानाने कळतं. खरं 'दिसतंय' चटकन येतं, आणि भिडेच्या 'दिसतंय'च्या आधी अर्धा श्वास असतो. तेवढ्या अर्ध्या श्वासावर त्याने काचा बदललेल्या आहेत आणि लोकांनी दुसऱ्या दिवशी येऊन हात धरलेले आहेत. असा हा कान. पण त्या रविवारी बायकोच्या 'बघू या'च्या आधी अर्धा श्वास होता की नव्हता हे त्याला आठवेना. तेव्हा तो ऐकत नव्हता, बघत होता. ती हसत होती आणि त्या हसण्यावरून त्याने नंबर काढून टाकला होता. आता गाडी चालवताना मधेच त्याला ते सगळं आठवायचं, आणि मग वाटायचं, आपल्यालाच जायचं नाहीये म्हणून आपण तिच्या बोलण्यात फटी शोधतोय. कारण त्याला जायचं नव्हतं. हे त्याने कुणालाही सांगितलेलं नव्हतं. त्या अंधाऱ्या खोलीतून बाहेर आल्यावर पहिल्यांदा रस्ता दिसतो तो क्षण, कोपऱ्यावरचा तोच तो कलता दिवा, आपल्या दाराची घासली गेलेली पायरी. यात कायमचं सोडू नये असं काय आहे, असं कुणी विचारलं असतं तर त्याला सांगताही आलं नसतं. आणि सांगायचं कुठल्या तोंडाने? आजीला नातीपासून तोडून पायरीपाशी बसवून ठेवायचं? म्हणून त्याने मूग गिळायचे ठरवले होते. शुक्रवारी फोन करायचा, हो म्हणायचं, आणि नंतर कधीही तोंड वाकडं करायचं नाही.

पण हा प्रवास म्हणजे त्याला लॉटरीच लागली होती, ते मात्र मान्य करायला हवं. इतक्या वर्षांच्या संसारात दोघं इतके तास शेजारी शेजारी बसलीच नव्हती. ती पहाटे तलावावर, तो दिवसभर अंधारात. भेट व्हायची ती जेवणाच्या टेबलावर, दोघंही दमलेली. आता सकाळ झाली की तंबूचं कापड अंगावरच्या चादरीइतकं जवळ असायचं आणि त्यावर उन्हाचा ठिपका सरकत यायचा. तिच्या केसांना अजून तलावाच्या पाण्याचा तो औषधी वास होता. इतकी वर्षं त्याने त्याची तक्रार केली होती, आणि आता तो वास दिवसादिवसाने कमी होत चालला तसं त्याला वाईट वाटायला लागलं. तंबू उभा करताना दोघांच्या नाकी नऊ यायचे. ती खांब धरायची, तो दोऱ्या चुकवायचा, कुत्रा खुंट्या पळवायचा. एकदा सगळं उभं राहिलं आणि दार झुडपाकडे आलं. त्या रात्री दोघं झुडपातूनच आत शिरली, आणि ती इतकी हसली की तिला उचकी लागली. छोट्या चुलीवर अंडी फोडायची, पाव भाजायचा, एकाच ताटलीत खायचं, कारण दुसरी ताटली घरीच राहिली होती. नाव नसलेल्या नद्या, म्हणजे नाव असणारच, पण यांनी विचारलं नाही. मधेच एखाद्या चढावर गाडी धापा टाकायची आणि ती डॅशबोर्डवर थोपटून म्हणायची, "शाब्बास, अजून एक, अजून एक," तलावावर पोरांना म्हणते तसं. त्याला वाटायचं, कुणाचे आभार मानावेत? शेवटी सगळं फिरून कुत्र्यापाशी येत होतं. तो नसता तर दोघं विमानात बसून दुपारपर्यंत पोचली असती आणि यातलं काहीच झालं नसतं. त्याने मागे वळून नकोच्या डोक्यावर हात ठेवला, आणि ती म्हणाली, "रस्त्याकडे बघा हो, मग लाड करा."

गुरुवारी संध्याकाळी ती दोघं एका मोठ्या तळ्यापाशी पोचली. काठावर बरेच तंबू होते. शेजारच्या हिरव्या तंबूत एक दाढीवाला आणि त्याची बायको होती. ती कुठल्याशा दवाखान्यात परिचारिका होती आणि आल्या आल्या तिने याच्या घोट्यावरचं खरचटलेलं बघून न विचारता पट्टी बांधली. बायको पाण्याशी जाऊन उभी राहिली. पाणी दिसलं की तिचे खांदे बदलतात. मग काठावरून परत येताना सहज म्हणाली, "माझ्या सकाळच्या तुकडीतल्या त्या आजी आहेत ना, निळ्या टोपीवाल्या, त्या अजून कडेची दांडी सोडत नाहीत. पाय सुटतात, श्वास जमतो, पण हात म्हणून सोडत नाहीत. परत गेले की आधी त्यांचा हात सोडवते." तो खुंटी ठोकत होता. परत गेले की, हे शब्द त्याच्या कानावरून गेले. सामान आवरायला तर परत जायचंच आहे, तेव्हाचं म्हणत असेल, असं त्याने स्वतःला समजावलं आणि खुंटी जरा जास्तच आत ठोकली. फोन तिथे लागत नव्हता. मागच्या टेकाडावर चढलं तर लागतो, असं दाढीवाल्याने सांगितलं.

शुक्रवारी तो उजाडता उजाडता उठला. बायको कुशीवर झोपली होती, एक हात डोक्यावरून पुढे टाकलेला, झोपेतही पोहत असल्यासारखी. कुत्रा तिच्या पायांशी मुटकुळं करून. त्याने हळूच तंबूची चेन ओढली, बाहेर आला, आणि चेनचा आवाज पुन्हा नको म्हणून ती तशीच उघडी ठेवली. ही त्याची चूक. तळ्यावर धुकं होतं, समोरचा काठ दिसत नव्हता. टेकाड चढताना त्याचे गुडघे कुरकुरले. वर पोचल्यावर तो जरा वेळ नुसताच उभा राहिला. खाली तंबू, गाडी, दोरीवर वाळत घातलेला तिचा टॉवेल.  आपण हिच्यासाठी काहीतरी करतोय, असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं, आणि तेवढ्यापुरतं ते खरंही वाटलं. त्याने दलालाला फोन लावला.

"बोला काका, तुमचीच वाट बघत होतो," दलाल म्हणाला. "पार्टी सकाळी सकाळीच माझ्यासमोर येऊन बसलीय. मग, हो ना?"

त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात खालून, धुक्यातून, हाक आली. "नकोऽऽ!"

हा तिचा तलावावरचा आवाज. पलीकडच्या खोल टोकाला गेलेलं पोर ज्या आवाजाने मुकाट कडेला येतं, तो. घरी तिने हा आवाज कधी काढला नव्हता. घरी ती हळू बोलायची, इतकी हळू की तिचा हा आवाजच आहे हे तो विसरून गेला होता. चेन, त्याच्या मनात आलं. चेन उघडी राहिली. कुत्रा गेला. "नकोऽऽ!" दुसरी हाक, आता पाण्याच्या बाजूने.  तळं, धुकं, एवढंसं जनावर. आणि मग तिसरी हाक आली, आणि ती निराळी होती. ती कुणाला बोलावत नव्हती. "नको! नको! नको नको नकोऽऽ!" आवाज पाण्यावरून सरळ समोर गेला, पलीकडे कुठेतरी आपटला आणि परत आला. त्या हाकेच्या आधी अर्धा श्वास नव्हता. तो फोन कानाला लावून तसाच उभा राहिला, आणि अंगावर काटा म्हणजे काय ते त्याला नव्याने कळलं.

"कोण ओरडतंय काका?" दलालाने विचारलं. "काकू का?"

"हो."

"काय म्हणतायत?"

"नको म्हणतायत," तो म्हणाला. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

 अहो, ते कुत्र्याचं नाव आहे, हे वाक्य त्याच्या जिभेवर येऊन तयार होतं. कुणालाही हसू आलं असतं, दलालही हसला असता, आणि पुढचं हो त्या हसण्यातच उरकून गेलं असतं. त्याने ते वाक्य गिळलं. मूग गिळण्याची सवय अशी ऐन वेळी कामाला आली. "अहो, मग आधी सांगायचं ना," दलाल शेवटी म्हणाला. तो चिडलेला होता, पण माणूस वाईट नव्हता. "माणूस असं ओरडेपर्यंत ताणायचं कशाला? मी यांना दुसरं काहीतरी दाखवतो. पण पुन्हा मला बोलवू नका हं काका." फोन बंद झाला, आणि हा उतारावरून धावत सुटला. या वयात धावू नये अशा रीतीने धावला.

खाली पोचला तर निराळाच तमाशा. आजूबाजूच्या तंबूंतून अर्धी झोपेतली माणसं बाहेर आली होती. बायको गुडघाभर पाण्यात उभी, कपडे भिजलेले, आणि तिच्या पुढ्यात ती परिचारिका, हातात तवा. हा धापा टाकत आलेला बघून तिने तवा वर उचलला. "तिथेच थांबा काका," ती म्हणाली. "काकू, तुम्ही आमच्याकडे चला. घाबरू नका. काय केलं यांनी?"

"यांनी? यांनी काय करायचंय?" बायको म्हणाली. "माझा नको हरवलाय!"

"काय नकोय तुम्हाला?"

"नको! अहो, नको!"

"तेच विचारतेय, काय नको?"

आणखी बराच वेळ समजावण्यातच गेला असता, पण दाढीवाल्याने आपल्या टेबलाखाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "हे तर नव्हे?" टेबलाखाली कुत्रा बसला होता. त्याच्यापुढे दाढीवाल्याच्या न्याहारीतलं अंडं होतं, म्हणजे होऊन गेलं होतं. इतक्या हाका ऐकूनही तो आला नव्हता, कारण अंड्यापुढे नावाची काय मातब्बरी. बायको पाण्यातून धावत आली, खाली बसली आणि तिने त्याला असं कवटाळलं की तो कुंई करून ओरडला. "मेल्या," ती म्हणाली, "मेल्या, मेल्या." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. याच्या जिवात जीव आला. तो तिथेच ओल्या वाळूवर बसला. परिचारिकेने तवा खाली घेतला, सगळी भानगड ऐकली, आणि मग ती आणि दाढीवाला पोट धरून हसली. त्यांनी दोन कप कॉफी आणून दिली. माणसं चांगली होती; हसून झाल्यावर आपापल्या तंबूंकडे गेली.

दोघं कॉफी घेऊन आपल्या तंबूपुढे बसली. तिच्या अंगावर त्याचं जाकीट होतं. कुत्रा दोघांच्या मधे, पोटभर जेवलेल्याच्या समाधानाने. धुकं उठायला लागलं होतं आणि समोरचा काठ हळूहळू दिसत होता, आधी झाडांचे शेंडे, मग बुंधे. तिने विचारलं, "होतात कुठे तुम्ही?"

"टेकाडावर. दलालाला फोन करत होतो."

ती कपात बघत राहिली. "मग? सांगितलंत?"

"त्याने ऐकलं."

"काय ऐकलं?"

"तुला. नको म्हणताना."  "तो म्हणाला काकू काय म्हणतायत, मी म्हटलं नको म्हणतायत. तो म्हणाला ठीक आहे. सौदा मोडला."

तिने मान वर केली. त्याला तिच्याकडे बघवेना. आता ती म्हणेल, हे काय करून बसलात. आता ती चिमणीचं नाव काढून रडेल. आणि मग पुन्हा टेकाडावर जाऊन हात जोडावे लागतील. तो त्यालाही तयार होता. तो जन्मभर तयारच होता. "तुम्ही त्याला सांगितलं नाहीत?" ती म्हणाली. "की मी कुत्र्याला हाक मारत होते म्हणून?"

"नाही सांगितलं."

"का?"

"तू कुत्र्याला हाक मारत होतीस?"

ती बोटाने वाळूत काहीतरी रेघा ओढत राहिली. मग म्हणाली, "पहिल्या दोनदा मारत होते."

त्याने कप वाळूत टेकवला. तीच पुढे बोलली, हळू नाही आणि मोठ्यानेही नाही, कधीतरी फार पूर्वी बोलायची तशी. "तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि मग काय झालं कुणास ठाऊक. बंदच होईना. इतकं बरं वाटत होतं हो. लाज वाटावी इतकं. एकीकडे तो बुडाला असेल म्हणून जीव जातोय, आणि एकीकडे असं वाटतंय की आणखी ओरडावं. मला नाही जायचं तिकडे. ती खोली, ते कपाट, तिथे मी सकाळी उठून काय करणार? तुम्हाला मुलाजवळ राहायचंय म्हणून मी बोलले नाही. फोनवर कसे लगेच हो, बघू या ना म्हणालात. मला वाटलं, दमलाय माणूस, त्या अंधारात बसून बसून. आता मुलाजवळ राहायचंय त्याला, तर आपण आडवं कशाला यायचं."

त्याला हसू यायला लागलं आणि ते नीट हसूही होईना. तिच्यासाठी तो घर विकणार होता आणि त्याच्यासाठी ती तलाव सोडणार होती. ते घर आणि तो तलाव दोन अनोळखी माणसांच्या हातात जाणार होते, आणि ही दोघं देशाच्या त्या टोकाला पिवळ्या रंगाच्या खोलीत एकमेकांकडे बघून हसत म्हातारी झाली असती, एकमेकांवर केवढे उपकार केले या समाधानात. तो म्हणाला, "मला नाही दमायला झालं. मला ती खोली आवडते. अंधारातली."

"आवडते?"

"फार."

"मग बोलायचं नाही का?"

"तू बोललीस?"

"मी आत्ता बोलले की. अख्ख्या गावाला ऐकू गेलं." आणि मग ती हसली, झुडपातून शिरतानाचं ते हसणं, आणि उचकी लागली. तिने आपलं डोकं त्याच्या खांद्याला टेकलं. ओले केस त्याच्या गळ्याला लागत होते. या बाईला आपण फुकट घालवायला निघालो होतो, त्याला वाटलं, आणि ती आपल्याला. कुणीतरी चेन उघडी ठेवली म्हणून वाचलो. त्याच्या मनात इतकं काही दाटून आलं की देवाचं, कुत्र्याचं, त्या रागावलेल्या दलालाचं, कुणाकुणाचं नाव घ्यावं ते त्याला सुचेना. त्याने नुसता तिचा हात धरला.

"मुलाला कोण सांगणार?" ती थोड्या वेळाने म्हणाली. हे राहिलंच होतं. इतका वेळ ते दोघांच्याही डोळ्यांपुढे होतं आणि दोघंही कॉफी पीत होती. तो म्हणाला, "मी सांगतो. फक्त तू बरोबर चल." ती दोघं टेकाडावर चढली, कुत्रा काखेत. तिचे ओले बूट पचपच वाजत होते. फोन लागला तेव्हा मुलगा कामावर निघण्याच्या गडबडीत होता. "बाबा? सगळं ठीक ना? आईला काही झालं का?"

"काही नाही झालं. ठीक आहोत." मग त्याने श्वास घेतला. लहानपणापासून या पोराला तो नको म्हणत आला होता, पतंगाला, कुत्र्याला, दुसऱ्या शहरातल्या नोकरीलासुद्धा. आणि नंतर एकदाही म्हणाला नव्हता. या दोन्हींच्या मधलं काहीतरी त्याला हवं होतं. "आम्हाला तुझ्याकडे राहायचं नाहीये रे," तो म्हणाला. "यायचंय. दर वर्षी यायचंय, ही गाडी चालतेय आणि आम्ही चालतोय तोवर. पण राहायचं नाही. आम्हाला आमचं घर हवंय."

 पलीकडे पाणी उकळल्याचा आवाज, एक खुर्ची सरकली. "मी रंग स्वतः दिला होता बाबा," मुलगा म्हणाला. "माणूस नव्हता लावला."

"माहितीये मला."

"आधी का नाही सांगितलंत?"

"आमची चूक झाली." यापुढे त्याने काही जोडलं नाही. पोराला लागलंय हे त्याला कळलं, आणि त्यावर घाईघाईने फुंकर घालायची नाही हेही त्याने ठरवलं. बायकोने त्याच्या बाहीला घट्ट धरलं होतं.   मग मागून चिमणीचा आवाज आला, काहीतरी विचारत होती, पुन्हा पुन्हा तेच. मुलगा म्हणाला, "ही विचारतेय, आजी-आजोबा कुठवर आले."

त्याने बायकोकडे पाहिलं. तिने एका हाताने डोळे पुसले, दुसऱ्या हाताने फोन स्वतःकडे ओढला आणि खोल टोकाच्या पोराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "निम्म्यावर! आलोच आम्ही!"

"या," मुलगा म्हणाला. "सावकाश या."